खोड सांगावी, दुखणं दावावं

भाड्याच्या घरात शिरताना आधी व्हिडिओ काढायचा, ही अक्कल मला फुकट आलेली नाही. आधीच्या घरमालकानं ती शिकवली. घर सोडायच्या दिवशी त्या गृहस्थानं बेसिनला गेलेला तडा दाखवला आणि म्हणाला, हा तुमच्या काळातला. मी म्हटलं, अहो, आम्ही आलो तेव्हापासून आहे तो. तर म्हणे, पुरावा काय? आता तड्याला काय जन्मदाखला असतो का? भांड भांड भांडले, पण डिपॉझिटमधून बेसिन कापलं ते कापलंच. दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं हा माझा धंदा आणि माझं रक्त आटवायचं हा सोलापुरातल्या घरमालकांचा. तेव्हाच ठरवलं, पुढच्या घरात पाऊल टाकायच्या आधी कोपरान् कोपरा फोनमध्ये घ्यायचा. खिळ्याचं भोकसुद्धा सोडायचं नाही.

ते घर आम्ही हौसेनं सोडलं नव्हतं. सोडायला लावलं होतं, आणि ते बेसिनसाठी नव्हे. माझ्या सासऱ्यांसाठी.

आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामांनी सांगोल्याकडच्या माळावर जन्मभर मेंढरं राखली. अर्धांगाचा झटका आला, त्यातून अंग बरंचसं सावरलं, पण डोक्यातलं सगळं सांडलं. मेंढरं विकून जमाना झाला हे त्यांना सांगून पटत नाही. दिवसभर बिचारे गप्प बसतात, चहा दिला की पितात. पहाटे मात्र अंथरुणात उठून बसतात आणि माळावर घालावी तशी हाळी घालतात, "लांडगं आलं रं, उठा, लांडगं आलं!" आवाज असा की अजून चार कोस जाईल. चौथ्या मजल्यावरच्या बंद सदनिकेत त्या आवाजाचं काय होत असेल, तुम्हीच विचार करा. शेजाऱ्यांनी आधी चौकशी केली, मग तोंडं वाकडी केली, मग मालकाला गाठलं. त्याच्याही आधीचं घर असंच सुटलं होतं.

माझा नवरा मुळात शांत माणूस. दुसऱ्या घराच्या वेळेला तो आणखी शांत झाला आणि एके दिवशी जेवताना म्हणाला, "आता हे तिसरं घर. हेही गेलं, तर आईला आणि अप्पांना गावी नेऊन सोडतो. माझ्यात आता दम नाही."

गावी म्हणजे कुठं, ते सांगते. गावी दोन खोल्या आणि हे दोघं म्हातारे, तिसरं कोणी नाही. मागं एकदा मामांना तिथं ठेवलं होतं, तर मेंढरं शोधायला म्हणून निघाले आणि दुसऱ्या दिवशी ओढ्यात पडलेले सापडले. सापडले म्हणून ठीक. पुन्हा तसेच सापडतील याची हमी कोण देणार? एकट्या आत्या त्यांना उचलणार कशा? तेव्हा नवऱ्यानं आणि मी एक गोष्ट पक्की केली. नव्या घरमालकिणीला सासू-सासरे आमच्यासोबत राहतात एवढंच सांगायचं. पहाटेच्या हाळीचा शब्दही काढायचा नाही. एकदा सामान वर गेलं की मग बघू. आत्यांना आम्ही हे सांगितलं नाही, कारण आत्या परक्या माणसांपुढं फारसं बोलतच नाहीत. निदान आमचा तसा समज होता.

हे तिसरं घर शहराच्या पूर्वेला, विणकरांच्या वस्तीत. खाली मालकीणबाई एकट्या राहायच्या, वर आमच्या तीन खोल्या. बाईंची घरची भाषा तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हींत त्या मोजून बोलायच्या. साठी उलटलेली, नाकात दोन्हीकडं चमक्या, नऊवारी नाही पण पाचवारीच अशी घट्ट नेसलेली की सुरकुती दिसायची नाही. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, मग मीही म्हणू लागले. यजमान गेल्यावर त्यांनी टॉवेलच्या कारखान्यात तपासणीचं काम केलं होतं. मागावरून उतरलेलं कापड उजेडात धरून त्यातला दोष हुडकायचा.

आत्या आणि मी रिक्षानं पुढं आलो. मामांना टेम्पोत पुढच्या सीटवर बसवून नवरा मागून येणार होता. सामान चढवण्याच्या गडबडीत मामाही वर जातील, असा आमचा बेत. आत्यांच्या हातात कळशी आणि नवी केरसुणी. माझ्या हातात फोन.

अक्कांनी कुलूप काढलं आणि मी लगेच सुरू केलं. दारापासून. चौकटीला वाळवी लागलीय का, बघ. खिडकीची काच, घे. कडेचा पोपडा, घे. वर बोलतही होते, पुरावा पक्का व्हावा म्हणून, "ही बघा, हॉलची पश्चिमेची भिंत, ओल आधीपासून आहे." माझा आवाज जरा चढाच असतो, त्यात बेसिनचा राग अजून निवला नव्हता. अक्का दारात उभ्या. त्यांचं तोंड हळूहळू असं आवळत गेलं की मला फोनमधूनसुद्धा दिसलं.

"काय काढायलीस गं एवढं?" शेवटी त्या म्हणाल्या. "माझ्या घरावर केस करायचीय का?"

"तसं नाही हो अक्का, नंतर वाद नको म्हणून."

"वाद आत यायच्या आधीच आणलास की."

मी तोंड उघडलं होतं. पुढं काय बोलले असते देव जाणे, कारण माझी जीभ एकदा सुटली की तिला वेसण नसते. तेवढ्यात आत्यांनी कळशी खाली ठेवली.

"ए पोरी, ठेव ते फोनचं," त्या म्हणाल्या. "आदी त्यास्नी सांगू दे की. मालकाच्या तोंडानं खोड आली पायजे. आपुन हुडकायची न्हाय, ते चोराचं काम झालं."

मग त्या अक्कांकडं वळल्या आणि अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, "बाई, आमच्याकडं बाजारात जनावर इकताना दावं हातात द्यायच्या आदी इकणारा खोड सांगतो. मारकं हाय, लाथ मारतंय, पान्हा चोरतंय, काय असंल ते. सांगितली म्हंजी त्याच्यावर बोल न्हाय. लपवली तर जनावर परत घ्यावं लागतं. तुमच्या घराची काय खोड हाय ती तुमी सांगा. तुमी सांगाल ते आमाला मान्य."

मला वाटलं, झालं. बाईंचं एवढं लखलखीत घर, आणि आमची आत्या त्याला म्हैस करून मोकळी झाली. पण अक्का रागावल्या नाहीत. त्या आत्यांकडं बघत राहिल्या आणि त्यांचं आवळलेलं तोंड सुटलं.

"थांबा, मावशी," म्हणाल्या आणि खाली गेल्या. वर आल्या तेव्हा हातात लाल सुताची कांडी होती. "आमच्या कामात असंच होतं. कापडात जिथं दोष, तिथं काठाला दोरा बांधायचा. पुढच्या माणसाला हुडकत बसायला नको."

आणि ती बाई आपल्याच घराला दोरे बांधत सुटली. मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. मोरीच्या नळाला एक दोरा: "हा घट्ट फिरवला तर गळतो, अर्धाच फिरवायचा." न्हाणीच्या कडीला दुसरा: "पावसाळ्यात दार फुगतं, उचलून लावायला लागतं." हॉलमधल्या एका बटणाला: "हे दाबू नका. कशाचं आहे ते मलाबी माहीत नाही." गच्चीच्या दाराला बांधला आणि म्हणाल्या, वारा सुटला की हे आपटतं, मध्ये चिंधी घालायची. पश्चिमेच्या भिंतीला बांधायला काही नव्हतं, तर तिथल्या खिळ्याला गुंडाळला. "उन्हाळ्यात ही भिंत तापते ती मध्यरात्रीपर्यंत. हिला टेकून झोपू नका." मी जी ओल दणक्यात दाखवत होते ती त्यांच्या लेखी किरकोळ होती. त्याहून मोठ्या खोडी त्या स्वतःहून काढत होत्या. स्वयंपाकघरात फरशीवर पायानं टकटक केलं. "पोकळ आहे, वर जड डबा ठेवू नका." फरशीला दोरा कसा बांधणार, म्हणून सुताचा तुकडा सांधीत दाबून बसवला.

आत्या मागं मागं, हात पाठीशी बांधून, दर दोऱ्याला "बरं" म्हणत. खरोखर जनावर बघावं तसं. एकदा दाराच्या बिजागरीला हात लावून म्हणाल्या, "ही चांगली हाय की. लोखंड जुनं हाय." तर अक्का अशा खुलल्या की विचारू नका. खोड सांगणाऱ्याला गुणही सांगावा लागतो, हे मला तेव्हा कळलं. मी फोन चालू केला तो आता त्या दोघींना विचारूनच, आणि अक्का स्वतः म्हणाल्या, "हे घे, नळाचं नीट दिसत नाही, जवळ ये." व्हिडिओ माझ्याकडं अजून आहे. त्यात भिंती कमी आणि दोन म्हाताऱ्यांचे हातच जास्त आहेत.

खाली टेम्पो थांबल्याचा आवाज आला आणि मी फोन बंद केला. नवरा घाईनं वर आला, दारात थबकला. नळाला लाल दोरा, कडीला लाल दोरा, खिळ्याला, बटणाला, सगळीकडं लाल दोरे. त्याचा चेहराच पडला. आईजवळ जाऊन दबक्या आवाजात म्हणाला, "आई, आल्या आल्या देवऋषी कशाला बोलावलास? बाई काय म्हणतील?"

अक्कांना ते ऐकू गेलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना पदर तोंडावर धरावा लागला. मीही हसले. आत्या मात्र हसल्या नाहीत. त्यांचं लक्ष जिन्याकडं होतं.

हसू ओसरल्यावर अक्कांनी उरलेलं सूत कांडीला गुंडाळलं आणि म्हणाल्या, "माझं सांगून झालं. आता तुमचं सांगा. बाजारात घेणाऱ्याला काही विचारत नसतील, पण घर म्हणजे दोन्हीकडून आलं की."

मी लगेच पुढं झाले. म्हटलं, मी बोलते मोठ्यानं, भांडी आदळते, हे घोरतात, आणि महिन्यातून एकदा घरात सुकट होते. "सुकट आम्हीबी खातो," अक्का म्हणाल्या. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. विषय संपला असं आमच्या दोघांच्याही मनात आलं, एकदमच. अक्कांनी कमरेची चावी सोडली आणि आत्यांपुढं धरली, घरातलं वडील माणूस म्हणून.

आत्यांनी हात पुढं केला नाही.

चावी मध्येच लोंबकळत होती. नवरा हळूच म्हणाला, "आई, घे की." मी मागून त्यांच्या दंडाला चिमटा काढला. हो, सासूला चिमटा काढला, अजून सांगताना लाज वाटत नाही. डोळ्यांपुढं तो ओढा दिसत होता. दोन खोल्या दिसत होत्या. एवढी मोठी तुझी रीत, म्हणून काय मामांचा जीव पणाला लावतेस? असं मी मनात ओरडत होते.

"बाई, आजून एक हाय," आत्या म्हणाल्या.

"सांगा."

आत्यांनी ओठ उघडले आणि मिटले. सगळ्या घराच्या खोडी धडाधड ऐकून घेणारी बाई, तिला आपली एक सांगता येईना. मग मान हलवली.

"न्हाय. ती खोड न्हाय," त्या म्हणाल्या. "तेला मी खोड म्हणणार न्हाय. ते दुखणं हाय. खोड सांगायची असती, बाई. दुखणं सांगून कळत न्हाय, ते दावायचं असतं. तुमी खाली चला. बगा, आन् मग ती चावी कुणाला द्यायची ते ठरवा."

आणि त्या जिना उतरायला लागल्यासुद्धा. गुडघे दुखतात म्हणून एरवी एकेक पायरी दोन्ही पाय टेकून उतरणारी बाई, पाठ ताठ करून पुढं चालली होती. मला तिचा संताप आला होता आणि त्याच वेळी तिच्या पाया पडावंसं वाटत होतं. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा लोक म्हणाले होते, सासू अडाणी आहे, सांभाळून घे. अडाणी म्हणे. मी तिला सांभाळून घेतलं नाही, तिनं आम्हा सगळ्यांना घेतलं, आणि त्या दिवशी तर खरेपणासुद्धा एकटीनंच खांद्यावर घेतला. आमच्या दोघांच्या लपवण्याबद्दल एक शब्द न बोलता.

मामा टेम्पोत पुढच्या सीटवर बसले होते. दार उघडं, गुडघ्यांत काठी, मांडीवर घोंगडी. टेम्पोवाला बाजूला मोबाईल बघत उभा. आत्या त्यांच्याजवळ गेल्या, डोक्यावरचं पागोटं सरळ केलं आणि अक्कांना म्हणाल्या, "ह्ये आमचे मालक. ह्यांचं ध्यान गेलंय. पहाटं वरडत्यात, लांडगं आलं म्हणत्यात. रोज न्हाय, पर लई येळा. त्येच्यापायी दोन घरं सुटली आमची. मारत न्हाईत, शिव्या देत न्हाईत, कुणाच्या वाटंला जात न्हाईत. एवढंच हाय."

नवरा टेम्पोच्या चाकाकडं बघत होता. अक्का दोन पावलं पुढं झाल्या आणि मामांच्या समोर उभ्या राहिल्या, कापड उजेडात धरून बघावं तशा बघत. आता ही बाई काय हुडकणार, असं माझ्या मनात आलं.

मामांनी मान वर केली. एक परकी बाई समोर उभी आहे एवढं त्यांना कळलं. त्यांनी काठी काखेत घेतली आणि दोन्ही हात जोडले.

"बाई, हितं पाणी हाय का?"

अक्का गोंधळल्या. पण उत्तर खरं दिलं. "चार-पाच दिवसांनी येतं. टाकी मोठी आहे आमची."

"मग चार दिस मेंढरं बसवू का तुमच्या रानात? नासधूस करणार न्हाय."

नवऱ्यानं तोंड फिरवलं. हिवाळ्यात मेंढरं घेऊन मुलूखभर फिरायचे, तेव्हा प्रत्येक गावात मामा हाच प्रश्न विचारत. रानाच्या मालकाला हात जोडून. मालक हो म्हणाला की मेंढरं रात्री त्या रानात बसायची, त्याच्या जमिनीला खत मिळायचं, यांना जागा. पण मालकानं तोंडानं हो म्हणावं लागे. त्याशिवाय मेंढका बांध ओलांडत नसे.

अक्कांना यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांचा जन्म सुतात गेलेला. त्यांनी आत्यांना विचारलं, "काय म्हणतायत?"

"जागा मागत्यात," आत्या म्हणाल्या. एवढंच.

अक्का पुन्हा मामांकडं वळल्या. गल्लीत कुणी नव्हतं, समोरच्या दारात एक मांजर बसलं होतं. त्या वाकल्या, मामांच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि शेजारच्या रानातल्या माणसाशी बोलावं इतक्या सहज विचारलं, "किती मेंढरं आहेत, मामा?"

मामांचे ओठ हलायला लागले. बोटं हलायला लागली. मोजत होते. मोजता मोजता थांबले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा थांबले. मग हात मांडीवर पडले.

"ठावं न्हाय, बाई," ते म्हणाले. "इसरलो मी."

इतक्या वर्षांत मामांच्या तोंडून हे आम्ही कोणी ऐकलं नव्हतं. विसरलो हे त्यांना माहीत आहे, हेच आम्हाला माहीत नव्हतं. आत्यांनी टेम्पोच्या दाराला घट्ट धरलं.

"असू दे," अक्का म्हणाल्या. "जितकी असतील तितकी बसवा."

मामांनी काठी खाली टेकवली, मग पाय टेकवला. उतरून उभे राहिले आणि मागं वळून रिकाम्या गल्लीला हात केला. "या रं," ते म्हणाले. "बाईनं जागा दिली."